बोडीचं पाणी हिरवंगार झालंय, मोरचूद टाकू का?

साकोलीकडच्या एका भाऊंनी फोटो पाठवलाय. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, एका कोपऱ्यात हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखी साय जमलीय, मासे पहाटे तोंड वर काढून हवा गिळतात, आणि दुकानदार म्हणतो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, पाणी साफ होईल. सोबत दुसरा प्रश्न असा की शेजाऱ्याच्या बोडीचं पाणी पण हिरवंच आहे, मत्स्यबीज दोघांचं एकाच ठिकाणचं, मग त्याचा कतला मासा जोमात अन माझा का वाढत नाही?

पहिले तर मोरचूद टाकू नका भाऊ. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि शेवाळात विष असेल तर ते फुटून पाण्यात उतरतं, म्हणजे पाणी साफ दिसेल पण मासे पोट वर करून तरंगतील.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण खरी गोम तिथंच आहे. हिरवं आणि हिरवं सारखं नसतं. चांगल्या बोडीतल्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर जत्रा दिसते, चार पेशी एका ओळीत चिकटलेलं सीनडेस्मस, नक्षीदार चक्रीसारखं पेडियास्ट्रम, आणि काचेच्या डबीला झाकण बसवावं तसे डायटम. हे बारीक शेवाळ पाणपिसवा (पाण्यातले ठिपक्याएवढे जीव) खातात आणि पाणपिसवा कतला खातो. तुमच्या फोटोतली साय बहुतेक मायक्रोसिस्टिसची आहे, हे निळं-हिरवं शेवाळ चिकट गोळे करून राहतं, ते पाणपिसवांना नीट खाताच येत नाही, म्हणून पाणी हिरवं असूनही कतला उपाशी. आणि बोडीत एकाच जातीचं राज्य झालं की ती मेली तेव्हा सगळं एकदम बसतं, दहा जाती असल्या तर एक मागे हटते तेव्हा दुसरी पुढे येते.

पण निळं-हिरवं म्हणजे सगळंच वाईट असंही समजू नका, आपण धानात अझोला सोडतो त्याच्या पानात राहून नत्र देणारं अ‍ॅनाबिना याच निळ्या-हिरव्या गटातलं.

घरी ओळखायचं असेल तर काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळं-हिरवं समजा, त्याच्या पेशीत हवेच्या पोकळ्या असतात म्हणून ते वर येतं. खाली बसलं किंवा पसरलेलंच राहिलं तर बहुतेक साधं हिरवं शेवाळ. दुसरं म्हणजे स्टीलची ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा, ती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी बरं, २० च्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालंय. हे गढूळ पाण्यात करू नका, मातीनंही ताटली दिसत नाही.

हे होतं कशानं तर मे महिन्यात पाणी आटतं, तापतं, वारा पडतो आणि आपण शेणाचे ढीग टाकत राहतो, वरून बांधावरचं डीएपी पण वाहून येतं. कच्चं शेण हेक्टरी वर्षाला साधारण १० टन पुरे, तेही दर पंधरवड्याला थोडं थोडं.

आत्ता काय करायचं? शेण, युरिया, सुपर फॉस्फेट आणि खाद्य बंद. साय वाऱ्यानं ज्या कोपऱ्यात ढकललीय तिथं जुनं लुगडं दोघांनी धरून ओढून काढा, हातात रबरी मोजे घाला, आणि काढलेलं पाळीच्या बाहेर गुरं जाणार नाहीत अशा जागी पुरा. रात्री शेवाळ पण ऑक्सिजन घेतं, पहाटेला तो सगळ्यात कमी असतो, तेव्हा ३ वाजल्यापासून उजाडेपर्यंत पंप लावून बोडीचंच पाणी उंचावरून बोडीत पाडा. ढगाळ दिवस असेल तर नक्कीच. चुना मात्र पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) तपासल्याशिवाय टाकू नका, अशा पाण्याचा पीएच दुपारी ९ च्या वर जातो, चुन्यानं अजून चढेल आणि अमोनिया जास्त विषारी होईल.

गुरांना ते पाणी पाजू नका, हे मी हात जोडून सांगतो. या शेवाळातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष लिव्हर खराब करतं आणि पाणी उकळून ते जात नाही. गाय पिऊन सुस्त झाली असेल तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

नमुना आणणार असाल तर अर्धा लिटरची बाटली पाऊण भरा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी सकाळी आणा. शेजाऱ्याच्या बोडीतलंही पाणी आणा, दोन्ही थेंब शेजारी शेजारी लावून दाखवतो.