स्पेनमध्ये सेमेस्टर करतेय. ईस्टरच्या सुट्टीत कसं फिरावं?

आधी कागद बघा, मग तिकीट काढा. तुमचा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) संपला असेल आणि टीआयई कार्ड (स्पेनचं परदेशी नागरिकांचं ओळखपत्र) अजून हातात नसेल, तर बाहेर पडण्याआधी पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागातून 'आउतोरिसासिओन दे रेग्रेसो' (स्पेनमध्ये परत येण्याचा परवाना) काढाच. ते जास्तीत जास्त 90 दिवस चालतं, पण अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी मागे लागा. वैध कार्डावर पोर्तुगाल, इटली, फ्रान्सला जाता येतं (कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस). भारतीय पासपोर्टवर इंग्लंड, आयर्लंडला मात्र वेगळा व्हिसा लागतो.

स्वस्त विमानात दोन ठिकाणी गाडी अडते. रायनएअरची फुकट बॅग 40×30×20 सेंमी, वर चाकंसुद्धा त्यातच मोजतात. आणि युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांनी सिक्युरिटीआधी काउंटरवर कागद तपासून घ्यायचे असतात. मोबाइलवर बोर्डिंग पास आहे म्हणून थेट गेटवर गेलात तर तिथून परत पाठवू शकतात.

ईस्टरच्या धार्मिक मिरवणुका बघायला स्पेनमधल्या सेव्हिया शहरात जायचंच असेल तर खोली आत्ताच बघा, ईस्टरआधीच्या आठवड्यात भाडी भलतीच चढतात. त्या आठवड्यातल्या गुरुवार-शुक्रवारमधल्या रात्री, म्हणजे 'ला माद्रुगा'ला, मिरवणुका पहाटभर चालतात. जुन्या गावात बॅग ओढत रस्ता ओलांडणं जवळपास अशक्य, म्हणून दुपारच्या आतच खोली गाठा. मेणबत्त्यांचं मेण फरशीवर सांडून गुळगुळीत थर बसतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घाला.

गर्दी नको असेल तर पोर्तुगालमधलं पोर्तो गाठा. मला तोच पर्याय जास्त पटतो.