कमळपक्ष्याचं शेपूट गेलं कुठं?

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहते, पक्षी बघायचा नाद नवीनच लागलाय. परवा रविवारी सकाळी सोसायटीच्या बागेत (बाग म्हणजे काय, चार नारळ, एक जांभूळ आणि पंपाशेजारची गळकी टाकी) चिमणीएवढा एक पक्षी दिसला, पाठ करडी, शेपटीखाली पिवळं, आणि शेपूट सारखं वरखाली. वॉचमन म्हणाला हा दर दिवाळीच्या आधी येतो. मग हुरूप आला आणि रिक्षा करून थेट पवई तलाव गाठला. तिथं पानांवर चालणारा तपकिरी-पांढरा पक्षी, पायाची बोटं ही एवढी लांब. पुस्तकात कमळपक्ष्याला लांबलचक शेपूट दाखवलंय, याला तर काहीच नाही. उडाला तेव्हा पंख मात्र पांढरेशुभ्र. काय पाहिलं मी? आणि दुर्बीण घेऊ का, नवरा म्हणतो मोबाईलचा झूम पुरे.

उत्तर: तुमच्या वॉचमनला माझा नमस्कार सांगा, कारण त्याचं बरोबर आहे. टाकीजवळचा तो पक्षी म्हणजे करडा धोबी. उन्हाळ्यात हिमालयातल्या ओढ्यांकाठी घरटं करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो, त्याला वाहतं किंवा ठिबकणारं पाणी लागतं, मग ते ओढ्याचं असो की तुमच्या टाकीचं. पुढच्या वेळी पाय बघा, फिकट गुलाबीसर असतील. याचा भाऊ पिवळा धोबी, त्याचे पाय काळे आणि शेपूट आखूड, तो ओल्या गवतात जास्त.

आता पवई. पंख पांढरे होते हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं, नाहीतर मी पण फसले असते. तो लांब शेपटीचा कमळपक्षीच. ते शेपूट आणि मानेवरचा सोनेरी रंग हा पावसाळ्यातला, विणीच्या वेळचा थाट, पिल्लं मोठी झाली की पिसं गळतात, सोनेरी रंगही फिका पडतो, आणि पुस्तकात मात्र नेहमी लग्नातलाच फोटो छापतात. हिवाळ्यात छातीवर काळी माळ राहते. तिथंच दुसरा, काशाच्या रंगाचे पंख असलेला कमळपक्षी पण असतो, त्याची पिल्लं अशीच तपकिरी-पांढरी दिसतात, पण छातीवर माळ नाही आणि उडताना पंख गडद. लांब बोटांमुळे वजन विभागतं म्हणून पान बुडत नाही. अजून एक गंमत, दोन्ही जातींत अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बाबांचं, आई पुढच्या नराकडे गेलेली असते. (हे नवऱ्याला वाचून दाखवा.)

पवई तलाव 1891 चा. त्याचं पाणी पिण्यालायक राहिलेलं नाही आणि जलपर्णी तर विचारू नका, पण त्याच हिरव्या गालिच्यावर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात, त्यामुळे जलपर्णी काढतात तेव्हा मला आनंद होतो आणि थोडं वाईटही वाटतं. विहार आणि तुळशी या दुसऱ्या दोन तलावांचं पाणी आपण पितो, तिथं असं सहज जाऊन उभं राहता येत नाही, म्हणून आपल्यासाठी पवईच बरा.

दुर्बीण 8×42 घ्या (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं). जास्त पॉवरच्या मागे लागू नका, हात हलला की चित्र नाचतं. मोबाईलनं तुम्हाला ती छातीवरची माळ दिसली असती का, विचारा त्यांना. सकाळी साडेसहाला पोचा, ऊन पाठीवर येईल असं उभं राहा, नऊनंतर ऑक्टोबर हीटमध्ये पक्षीही दिसत नाहीत आणि तुम्हीही उभ्या राहू शकत नाही. 5 ते 12 नोव्हेंबर राज्याचा पक्षी सप्ताह असतो, त्यात परत एकदा जा.

आणि टाकी दुरुस्त होणारच, व्हायलाच हवी. पण त्या जागी एक उथळ परात ठेवा, रोज पाणी बदला.