नोकरी गेल्यावर आभाराची वही

हप्ते थकले असतील तर आधी बँकेशी बोला. वहीने ते सुटत नाहीत. पहिला आठवडा चिडचिड होणारच, होऊ द्या. मग दर रविवारी रात्री वहीत, ज्यांचे आभार मानावेत अशा गोष्टींच्या जास्तीत जास्त पाच नोंदी. एमन्स-मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३च्या अभ्यासातल्या एका प्रयोगातही आठवड्याला पाचपर्यंतच होत्या. रोज लिहिलं की 'आई, घर, तब्येत' अशी घोकंपट्टी होते. 'लोक चांगले आहेत' नको. 'शेजारच्या काकूंनी न विचारता डबा दिला', 'जुन्या सहकाऱ्याने ठाण्यातल्या कंपनीत बायोडेटा पोचवला' असं लिहा: कोणी, काय, कधी.

महिनाभराने वही चाळा. ज्याचं नाव दोनदा आलंय, त्याला फोन लावा. नोकरी मागू नका (माणूस अवघडतो). आभार माना आणि हल्ली कुठे माणसं घेतायत एवढंच विचारा. सकाळी नको, तेव्हा तो लोकलच्या गर्दीत लटकत असतो. जेवणाच्या सुट्टीत करा.