मॉरिशसला गेलेला आजारी शेतकरी घरी परत का येऊ शकत नसे?

कायद्याने बांधलेला असे म्हणून. आणि पैसा नसे म्हणून. 1834 पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. बहुतेक बिहारचे, पण मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे कोकणी शेतकरीही गेले. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना 5 रुपये पगार, वर शिधा.

खरी मेख हजेरीत होती. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, याला तिथे 'डबल कट' म्हणत. तापाने फणफणलेला माणूस मळ्यावर गेला नाही, तर महिन्याच्या शेवटी हातात उरणार काय आणि तो घरी पाठवणार काय? सुरुवातीला परतीचा प्रवास फुकट होता, 1850 च्या दशकात तीही सोय गेली. 1867 मध्ये मलेरियाची मोठी साथ आली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट, म्हणजे ओळखपत्र, जवळ बाळगावं लागलं. ते नसेल तर अटक.

मला सगळ्यात जास्त सलतं ते घरच्यांचं वाट पाहणं. स्वतःला लिहिता येत नाही, म्हणजे खुशालीचे चार शब्दही दुसऱ्याच्या हातून. इकडे बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, हेही कळायला मार्ग नाही.

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, आप्रवासी घाट आहे, म्हणजे मजूर बोटीतून उतरत ती जागा. हे मजूर ज्या 16 दगडी पायऱ्या चढून वर आले, त्या अजून शाबूत आहेत. तिथल्या मराठी घरांत आजही गणपती बसतो.