केबल बदलली तरी पॅकेट ड्रॉप होतातच

प्रश्न : आमच्या राउटरचा आतला पोर्ट १ गिगाबिटचा आहे, बाहेरचा १०० मेगाबिटचा. बाहेरच्या इंटरफेसवर ‘टोटल आउटपुट ड्रॉप्स’ ६१,४८० दिसतात. सीआरसी आणि बाकीचे इनपुट एरर शून्य. पाच मिनिटांची सरासरी ३० मेगाबिटच्या वर जात नाही, तरी फोनवर बोलताना आवाज तुटतो. केबल दोनदा बदलली. आता राउटरच बदलावा का? सोबत इंटरफेसचं आउटपुट जोडलं आहे.

उत्तर : राउटर बदलू नका. तुम्ही पाठवलेल्या आउटपुटमध्ये काउंटर शेवटचे कधी क्लिअर केले, या ओळीत ‘नेव्हर’ लिहिलंय. राउटर ५८ आठवडे सलग चालू आहे. म्हणजे हे ६१,४८० पॅकेट आज सकाळी पडले की गेल्या वर्षी, हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. आधी काउंटर क्लिअर करा. मग आवाज तुटला की वेळ टिपायची आणि लगेच आकडा बघायचा. दोन्ही एकाच वेळी वाढत असतील तरच त्यांचा संबंध आहे.

केबल बदलून फरक का पडला नाही, तेही सांगतो. सीआरसी एरर म्हणजे फ्रेम, म्हणजे तारेवरून येणारं पॅकेट, वाटेत खराब होऊन आली. तिथे केबल, कनेक्टर, पोर्ट यांच्यावर संशय घ्यायचा. आउटपुट ड्रॉपमधलं पॅकेट मात्र धडधाकट असतं, त्याला बाहेर पडायच्या रांगेत जागा मिळालेली नसते.

पण सरासरी ३० मेगाबिट असताना रांग भरते कशी? तुमच्या आउटपुटमध्ये रांगेची मर्यादा ४० पॅकेटची आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट १०० मेगाबिटच्या पोर्टमधून बाहेर पडायला ०.१२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात गिगाबिटच्या बाजूने तशीच दहा येऊन थडकू शकतात. एखादी मोठी फाइल अशी पूर्ण वेगाने आली, तर सगळी रांग साधारण अर्ध्या मिलिसेकंदात भरते आणि पुढची पॅकेट पडू लागतात. पाच मिनिटांच्या सरासरीत हा लोंढा दिसणं शक्यच नाही. लोड इंटरव्हल, म्हणजे सरासरी किती काळाची काढायची ते, ३० सेकंदांवर आणा, चित्र थोडं स्पष्ट होईल. खरा पुरावा मात्र ड्रॉपचा वाढता आकडाच.

रांग ४० वरून १००० करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ड्रॉप कमी होतील, हे खरं. पण भरलेल्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटला १२० मिलिसेकंद थांबावं लागेल, आणि ते पॅकेट आवाजाचं असलं तर बोलणं अडखळणारच. त्यापेक्षा आवाजाला प्रायॉरिटी रांग द्या. बॅकअपसारखी जड कामं कामाच्या वेळेबाहेर न्या. तुम्ही घेतलेली लाइन १०० मेगाबिटपेक्षा कमी वेगाची असेल, तर त्या वेगाला शेपिंगही लावा, म्हणजे राउटर त्याहून जास्त वेगाने पाठवणार नाही. नाहीतर पॅकेट पलीकडच्या उपकरणात पडतील आणि तुमचा काउंटर स्वच्छ दिसत राहील.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा : डुप्लेक्स, आणि तेही दोन्ही टोकांना. फुल डुप्लेक्समध्ये पोर्ट एकाच वेळी पाठवतो आणि घेतो, हाफमध्ये एका वेळी एकच. एका ठिकाणी मी सलग दोन रात्री सीआरसी एररपायी केबल बदलत बसलो होतो. माझ्या बाजूला कुणीतरी १०० फुल हाताने घट्ट बसवलं होतं, समोरचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे पलीकडच्या टोकाशी बोलून स्वतः ठरवण्यावर होता. ऑटोला उत्तरच मिळालं नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्सवर गेला. तिसऱ्या दिवशी समोरच्या स्विचवर लॉगिन केलं, तर ‘लेट कोलिजन’चा, म्हणजे फ्रेम बरीचशी पाठवून झाल्यावर झालेल्या टकरींचा, काउंटर डोळ्यांदेखत पळत होता. दोन्ही बाजू ऑटोवर टाकल्या आणि तो जागीच थांबला. दोन रात्रींत दुसरं टोक उघडून बघायला दोन मिनिटं काढली नाहीत, याची हळहळ मला अजून वाटते.

तुमच्या आउटपुटमध्ये ‘फुल डुप्लेक्स’ आहे, पण ते तुमच्या बाजूचं. समोरचं विचारून घ्या. काउंटर क्लिअर केल्यानंतरचे दोन दिवसांचे आकडे वेळेसकट पाठवलेत, तर कोणता लोंढा रांग भरतोय ते मिळून शोधू.