लंडनला शिकता शिकता बँडचे फोटो: पैसे, पास आणि लाल दिवे

तू विचारलंस की सप्टेंबरपासून लंडनला एमए करताना ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचे फोटो काढून खर्चाला हातभार लागेल का, आणि पुण्याहून कुठली लेन्स आणू.

पैशांचं आधी सांगतो: विसर. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण फ्रीलान्सिंग म्हणजे स्वतःचा धंदा, आणि त्याला पूर्ण मनाई आहे. बँडने खूश होऊन ५० पौंड दिले तरी ते त्यातच मोडतं, प्रिंट विकणंही. पैसे कॅफेत कमव. कोर्सनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की फ्रीलान्सिंग करता येतं.

म्हणजे पहिलं वर्ष फक्त काम जमवायचं. मोठ्या हॉलच्या मागे लागू नकोस. तिथे फोटो फक्त पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. शिवाय फोटो काढायचा पास मासिकवाल्यांना मिळतो. ब्रिक्स्टनचं विंडमिल, डाल्स्टनचं शॅकलवेल आर्म्स असे पब धर. ब्लॅक मिडी, स्क्विड, शेम हे बँड विंडमिलमध्येच वाजवून पुढे आले. इथे स्टेजपुढे कठडा नसतो, त्यामुळे दार उघडताच जाऊन पुढची जागा पकड.

मेल मुख्य बँडला नको, त्यांच्याआधी वाजवणाऱ्या सपोर्ट बँडला कर. त्यांच्याकडे फोटोग्राफर नसतो आणि मेल ते स्वतः वाचतात. आठवडाभर आधी चार ओळी पुरे: कुठला शो, १० फोटोंची लिंक, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १५ फोटो देईन, आणि गेस्ट लिस्टवर (दारावरची, फुकट आत सोडायच्या लोकांची यादी) नावापुढे ‘फोटो’ लिहायला सांगा. हा शेवटचा शब्द राहिला तर दारावरचा माणूस मोठा कॅमेरा आत नेऊ देईलच असं नाही. साउंडचेकनंतरची (शोआधी आवाज तपासून झाल्यावरची) पाच मिनिटंही माग, मागच्या गल्लीत फोटो काढायला. फोटोग्राफर केविन कमिन्सने काढलेला जॉय डिव्हिजन या बँडचा गाजलेला फोटो स्टेजवरचा नाहीच. जानेवारी १९७९, मँचेस्टर, बर्फाने झाकलेला पूल.

लेन्स: ५० एमएम, एफ १.८. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स एफ ५.६ ला अडकते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) तिथे ही जवळपास दहापट उजेड घेते. कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर ३५ एमएम. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, शटर १/२०० सेकंद, फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे जेपीईजी न करता कच्चे. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेव, नाहीतर एलईडी दिव्यांमुळे फोटोभर आडवे पट्टे येतात आणि ते नंतर निघत नाहीत.

खरा वैरी लाल दिवा. त्यात चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा सपाट दिसतो, कारण फोटोतला लाल रंग कमाल मर्यादेला जाऊन त्यातले बारकावे जळतात आणि साध्या हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ते कळतही नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लाव, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडावर, एक्स्पोज कर, आणि तरी जमलं नाही तर सरळ ब्लॅक अँड व्हाइट. दुसरी कटकट माइकची. समोरून तोंड झाकतं आणि फोकस माइकच्या जाळीवर बसतो. थोडं बाजूला सरक, फोकस पॉइंट एकच ठेवून डोळ्यावर धर आणि ओळ संपून गायक मागे होतो त्या अर्ध्या सेकंदाची वाट बघ.

बँडने किंवा हॉलने फोटोंबद्दलचा करार पुढे केला तर सही करण्याआधी कॉपीराइटचं कलम वाच. ब्रिटनमध्ये स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क तुझाच असतो, लेखी देऊन टाकला नाहीस तोवर. वापरायची परवानगी दे, हक्क नको.

निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सचं, सीरियल नंबरसकट, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घे. परत येताना ‘हे तिकडून आणलं’ म्हणून ड्युटीचा वाद होत नाही. ते चेक-इनच्या आधी विचार, आणि जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच.

इअरप्लग मात्र विसरू नकोस, पबात स्पीकर कानापासून हातभर असतो. शुक्रवार-शनिवारी ब्रिक्स्टनहून मेट्रोची व्हिक्टोरिया लाइन रात्रभर चालते. इतर दिवशी रात्रीची बस, म्हणून घर बघताना ती दारापर्यंत येते का ते आधी तपास.