बफेलो निकेलची ग्रेड नंतर बघू, आधी सांगा घासलीत का?

वडिलांच्या अमेरिकेतल्या सामानात बफेलो निकेलची, म्हणजे पुढे अमेरिकन आदिवासी माणसाचा चेहरा आणि मागे गवा असलेल्या जुन्या पाच सेंटच्या नाण्यांची, पुरचुंडी सापडलीय, त्यातली दुर्मिळ कोणती आणि ग्रेड, म्हणजे झिजेवरून नाण्याची प्रत, कशी ठरवायची, असा तुमचा प्रश्न. घासली नसतील तर पुढे वाचा.

मी घासलंय. न्यू जर्सीत असताना एका गराज सेलमध्ये बटणांच्या डब्यात १९२६ चं निकेल मिळालं. मागे ‘फाइव्ह सेंट्स’खाली बारीकसा ‘एस’. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं. बफेलोच्या नेहमीच्या नाण्यांत दहा लाखांच्या आत पाडलेलं हे एकच, ९,७०,०००. गव्याचं शिंगही जवळजवळ टोकापर्यंत शाबूत. घरी येईपर्यंत मी खिशातला हात काढला नाही. रात्री साडू जेवायला आले. म्हणाले, “काय हो हे काळंकुट्ट! जरा खायचा सोडा लावा की.” लावला, टूथब्रशने. भांड्यासारखं लख्ख झालं. नाणीवाल्याने ते दिव्याखाली तिरकं धरलं, गालावरचे बारीक ओरखडे मला दाखवले आणि म्हणाला, “क्लीन्ड.” भाव निम्म्याच्याही खाली.

आमचे साडू अजून सांगतात, कमी पाडलं ते दुर्मिळ, ग्रेडबिड दुकानदारांचे चोचले. त्यांच्याकडे डेन्व्हरच्या टांकसाळीतल्या १९५० च्या निकेलचा अख्खा रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेली नाण्यांची चळत, आहे. बफेलोनंतर आलेल्या जेफरसन निकेलमध्ये सगळ्यात कमी पाडलेलं, २६,३०,०३०. पण अहो, ते लोकांनी तेव्हाच रोलच्या रोल उचलून ठेवलं! कोरं हवं तेवढं मिळतं, झिजलेलंच शोधावं लागतं. १९२६ एसचं नेमकं उलटं. ते खिशाखिशांतून फिरलं, त्यामुळे झिजलेलं मिळून जातं, कोरं बघायला मिळणं मुश्कील. साल आणि ग्रेड एकत्र बघायची ती यासाठी.

तुमच्याकडच्या बऱ्याच नाण्यांचं साल पुसलेलं असणार. ते पुढच्या माणसाच्या खांद्याच्या उंचवट्यावर असल्याने आधी झिजतं. ॲसिड लावून वर आणता येतं, पण त्या नाण्याला मग कोणी विचारत नाही. शिंग पूर्ण दिसलं तर साधारण व्हीएफ, म्हणजे ‘व्हेरी फाइन’ ग्रेड धरा.

हां, एक राहिलं. विशीच्या दशकातली डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोची छाप बरेचदा मुळातच कच्ची असते, न वापरलेल्या नाण्यावरही शिंग पुसट दिसतं. तेव्हा चकाकी आणि गालही बघा. आणि कमी किमतीच्या नाण्यांना ग्रेडिंग कंपनीकडे पाठवू नका, त्यांची फीसुद्धा निघायची नाही.

माझं ते निकेल अजून आहे. साडू जेवायला आले की मी ते मिठाच्या वाटीशेजारी ठेवतो.